किल्ल्यावरची चित्रे

दिवाळीत मातीच्या किल्ल्यावर मांडतात त्या लहान रंगीत मूर्ती. गडावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, बुरुजांवर मावळे व तोफा, पायथ्याशी गवळण, शेतकरी, वासुदेव अशी मांडणी महाराष्ट्रात रूढ आहे. कुर्ल्यासारख्या दाट वस्तीच्या उपनगरात अंगण नसले, तरी चाळीच्या किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात विटा, गोणपाट व माती यांचा किल्ला उभा राहतो. उतारावर पेरलेले अळीव काही दिवसांत हिरवळ धरते.

चित्रे माती किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसची असून साच्यात घडवतात. सांध्याची रेघ घासून आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, अंगरखा, मुंडासे, शेला. डोळे व मिशा अगदी शेवटी, बारीक ब्रशच्या टोकाने. बुबुळाचा ठिपका किंचित सरकला तरी मावळा तिरळा दिसतो, म्हणून हे काम सर्वांत कसबाचे. मोडक्या भाल्याच्या जागी तार किंवा उदबत्तीची काडी बसवणे, मुंडाशाचा रंग बदलणे, हे फेरफार मुले घरीच करतात. एकाच साच्यातल्या शिपायांना वेगवेगळे चेहरे मिळतात ते यामुळेच, आणि या कलेचा खरा आनंदही त्यातच आहे.

पाश्चात्त्य देशांत अशी सैन्ये रंगवून टेबलावर नियमबद्ध लढाया खेळतात. एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ (१९१३) हे त्याचे आरंभीचे नियमपुस्तक. ‘वॉरहॅमर’ हा असाच खेळ १९८३ मध्ये आला. दिवाळीच्या किल्ल्यात मात्र अशा खेळांतले फासे नसतात. रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग यांच्या प्रतिकृती विशेष आवडीच्या. कुर्ल्याशेजारचा शीवचा इंग्रजकालीन किल्लाही करून पाहण्याजोगा आहे.