ग्रंथालयीन ई-साधने, श्रीरामपूर

शोधनिबंध, ई-पुस्तके, प्रबंध आणि जुने दस्तऐवज यांचे ग्रंथालयामार्फत वापरता येणारे संगणकीय संग्रह. यांतील काही वर्गणीचे, तर काही सर्वांना खुले असतात. श्रीरामपुरात (जि. अहिल्यानगर) उच्च शिक्षणाची जुनी केंद्रे म्हणजे रयत शिक्षण संस्थेची रा. ब. नारायणराव बोरावके महाविद्यालय आणि चंद्ररूप डाकले जैन वाणिज्य महाविद्यालय. अशा अनुदानित महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० मध्ये ‘एन-लिस्ट’ ही योजना सुरू केली. महाविद्यालय वर्गणी भरते, ग्रंथपाल विद्यार्थ्यांची व प्राध्यापकांची नावे नोंदवतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड मिळतो. त्यामुळे वाचकाला घरूनही सहा हजारांवर नियतकालिके उघडता येतात. मात्र ग्रंथपालाने नावेच नोंदवली नाहीत, तर भरलेली वर्गणी वाया जाते. या योजनेचे यश त्याच्या चिकाटीवरच ठरते.

१ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आली. ही योजना केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्रीय संशोधनसंस्था यांच्यासाठी आहे. त्यामुळे खासगी संस्थांच्या महाविद्यालयांना एन-लिस्टची गरज उरतेच.

ऊस, कांदा, पाटपाणी यांवर काम करणाऱ्याने शेजारच्या राहुरीकडे पाहावे. तेथील महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या (स्थापना १९६८) संस्थांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ‘सेरा’ हा नियतकालिकांचा संघ उभारला. कृषी प्रबंधांचा ‘कृषिकोश’ हा संग्रहही याच परिषदेच्या परिवारातला.

स्थानिक इतिहासाला खुली साधनेच अधिक कामाची. श्रीरामपूरजवळच्या हरेगावच्या बेलापूर साखर कंपनीने शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनी पुढे राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. त्या खंडकरी शेतकऱ्यांचा प्रश्न अभ्यासणाऱ्याला तेव्हाच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचे १८८४ आणि १९७६ चे गॅझेटियर, तसेच राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ घरबसल्या चाळता येते. १८८४ च्या खंडात मात्र ‘श्रीरामपूर’ शोधण्यात वेळ घालवू नये. हे गाव रेल्वे आणि कालवे आल्यानंतर वाढले. त्या खंडात बेलापूर, राहुरी, नेवासे ही नावे शोधावीत. श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकाचे नावही बेलापूरच आहे.

विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’वर मिळतात. मराठी प्रबंधांची पाने अनेकदा नुसती छायाप्रत असल्याने आतील मजकुरात शब्द शोधता येत नाही. शीर्षकही रोमन लिपीत नोंदलेले असू शकते. म्हणून ‘खंडकरी’ हा शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन-तीन प्रकारे लिहून पाहावा. मार्गदर्शकाच्या नावाने किंवा विभागवार शोधल्यास अधिक हाती लागते.

महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालील सार्वजनिक ग्रंथालये एन-लिस्टच्या कक्षेत येत नाहीत. तेथील वाचकासाठी शोधगंगा, आयआयटी खरगपूरचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि मराठी विश्वकोशाची ऑनलाइन आवृत्ती ही साधने आहेत. वाचनालयात एक संगणक आणि ही साधने दाखवून देणारा एक जाणकार कर्मचारी ठेवणे हा खर्च नव्या कपाटाच्या आधी करावा.