गाडी कुठवर आली?

एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत बसलेल्या वाहतूक नियंत्रकाला दिवसभर एकच प्रश्न शंभर तोंडांनी ऐकावा लागतो: गाडी कुठवर आली? वडूजकरांना हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सवयीचा आहे. खटाव तालुक्याचं हे मुख्य गाव येरळा नदीच्या काठी वसलेलं, पण रूळ इथवर कधी आले नाहीत. पुणे–मिरज लोहमार्ग पश्चिमेकडून कोरेगाव, रहिमतपूर करत निघून गेला. त्यामुळे येणारा-जाणारा माणूस, बाजाराचा माल, टपाल आणि दुष्काळात पिण्याचं पाणीसुद्धा वडूजला रस्त्यानेच आलं. गाडी नेमकी कुठे आहे, हे ज्याला कळतं त्याच्या हातात अशा मुलखात बरंच काही असतं.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढच्या काही दशकांत लाल गाडी आडवळणाच्या गावांतही पोचली. सातारा विभागाच्या आगारांमध्ये वडूजचंही आगार आहे. या सगळ्या पसाऱ्यावर नजर ठेवायची ती कागदावर. वाहकाकडे वे-बिल, टप्पा बदलला की कुठल्या नंबरापर्यंत तिकिटं फाडली ते त्यावर चढवायचं. स्टँडवर नियंत्रकाच्या रजिस्टरात गाडीची येण्या-जाण्याची वेळ. फारच खोळंबा झाला तर पुढच्या स्टँडला फोन. साताऱ्याहून निघालेली गाडी कोरेगावात कळायची, पुसेगावात कळायची, आणि मधल्या अंतरात ती कुणाच्याच हिशेबात नसायची. सेवागिरी महाराजांच्या यात्रेत पुसेगावला रस्ता तुंबला की नियंत्रकाचं उत्तर ठरलेलं असायचं: ‘कोरेगाव सोडलंय.’ तेवढंच त्याला ठाऊक असे, आणि त्याने तेवढंच सांगावं हेही बरोबरच होतं.

रेल्वेची गोष्ट निराळी. तिथे रूळ तुकड्यातुकड्यांत वाटलेले असतात आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडतात, म्हणून कंट्रोलमध्ये बसलेल्या माणसाला गाडीचा ठावठिकाणा आपोआप लागतो. रस्त्यावरच्या गाडीला असा कुणी पहारेकरी नाही. तिचा माग काढायचा तर तिनेच आपली जागा सांगायला हवी, आणि सांगितलेली जागा दाखवायला हाताशी नकाशा हवा.

यातली पहिली सोय आकाशातून झाली. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा १९९५ पर्यंत पूर्ण क्षमतेने चालू झाली होती, पण सामान्यांसाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असायची. त्यामुळे जागा शंभरेक मीटरने हुकायची. १ मे २००० रोजी बिल क्लिंटन यांनी ही मिसळ बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि रातोरात चूक दहा-वीस मीटरवर आली. गाडी कोणत्या रस्त्यावर आहे हे सांगण्याइतकी अचूकता तेव्हा पहिल्यांदा कुणालाही फुकट मिळू लागली.

दुसरी सोय टेबलावरच्या संगणकावर आकार घेत होती. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी १९८६ साली मॅपइन्फो कंपनी निघाली. तिच्या नकाशात आपली भर घालण्यासाठी मॅपबेसिक नावाची भाषा आली. कॅलिफोर्नियातल्या एस्री कंपनीच्या आर्कव्ह्यू या नकाशा-सॉफ्टवेअरला अव्हेन्यू भाषा होती. पण वाहनांचा माग काढणाऱ्यांना खरी हाताशी आली ती एस्रीचीच १९९६ ची मॅपऑब्जेक्ट्स. व्हिज्युअल बेसिकच्या फॉर्मवर नकाशाचा चौकोन ठेवायचा आणि बाकीचा प्रोग्राम आपण लिहायचा. तिच्यात ‘ट्रॅकिंग लेयर’ नावाचा एक खास थर होता. रस्ते, नद्या, हद्दी खाली एकदाच काढून ठेवायच्या. गाड्यांचे ठिपके या वरच्या थरावर. ठिपका सरकवायला एक ओळ पुरे. सगळा नकाशा दर वेळी नव्याने रंगवावा लागत नसे, म्हणून त्या काळच्या मंद यंत्रांवरही दहा-वीस गाड्या बऱ्यापैकी चालताना दिसत.

ठिपका हलवणं, थोडक्यात, कुणालाही जमण्यासारखं होतं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या रात्री गेल्या त्या ठिपक्याच्या आधीच्या आणि ठिपक्याच्या खालच्या कामात.

आधीचं काम असं. जीपीएस यंत्र संगणकाच्या सिरियल पोर्टातून दर सेकंदाला मजकुराच्या ओळी सोडतं. या ओळींचा साचा जहाजांच्या उपकरणांसाठी १९८३ मध्ये ठरलेला, म्हणून वेग अजूनही नॉटमध्येच येतो. ओळ एका दमात येईलच असं नाही. अर्धी आत्ता, अर्धी नंतर. तुकडे जोडायचे, शेवटची तपासबेरीज जुळते का पाहायचं, मग स्वल्पविरामांवर ओळ फोडायची. अक्षांशाच्या रकान्यात वडूजला साधारण १७३५.४० असा आकडा दिसतो. नवखा माणूस त्याला शंभराने भागून १७.३५४० अंश करून मोकळा होतो. वाचायचं असतं १७ अंश आणि ३५.४० मिनिटं, म्हणजे १७.५९ अंश. रेखांशातही तीच गफलत केली की वडुजात उभी असलेली गाडी बत्तीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला, कराडजवळच्या कुठल्याशा शिवारात दिसायला लागते. नकाशा दिसायला ठीक, रस्ते ठीक, गाडीही नीट चालतेय. फक्त तालुका चुकलेला. ही चूक जगभरच्या नवशिक्यांनी केलेली आहे.

दुसरा खोडा वेळेचा. यंत्र ग्रिनिचची वेळ सांगतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पाचला भरलेल्या टँकरची नोंद त्याच्या लेखी आदल्या दिवशी रात्री साडेअकराची. प्रोग्रामने तारीख तशीच उचलली तर पहाटेच्या सगळ्या खेपा कालच्या खात्यात जमा. कार्यालयात बसणाऱ्याला हे सुचणं कठीण. पहाटे टँकर भरणाऱ्याच्या मात्र पहिल्याच हिशेबात लक्षात येतं.

ठिपक्याखालच्या, म्हणजे नकाशाच्या कामाला दोनशे वर्षांहून जुना इतिहास आहे. महाराष्ट्रात नकाशांची दोन घराणी. एक महसुलाचं. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची जमीन-मोजणी सुरू केली, तिचं वळण पुढे मुंबई इलाखाभर गेलं. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली साखळी शिवारातून ओढत सर्व्हे नंबर आखले गेले. अशा गावनकाशात बांध, ओढा, गावठाण बिनचूक, पण पृथ्वीच्या पाठीवर ते गाव नेमकं कुठे, याची खूण त्यावर नाही. दुसरं घराणं सर्व्हे ऑफ इंडियाचं. लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेल्या त्रिकोणी मोजणीवर उभं राहिलेलं. त्याच्या पत्रकांवर अक्षांश-रेखांश आहेत, रस्ते आहेत, उंचीच्या रेषा आहेत. शेताचा बांध नाही. वडूज या घराण्यात ४७-के-६ या पत्रकावर येतं.

गाडीचा माग काढणाऱ्याला दोन्ही घराणी एका पडद्यावर हवीत: रस्ता एकाकडून, गावाची हद्द दुसऱ्याकडून. आणि इथेच सोयरीक फिसकटते. सर्व्हेची जुनी पत्रकं १८३० सालच्या एव्हरेस्ट यांच्या मापाने मानलेल्या पृथ्वीवर बेतलेली, जीपीएसची पृथ्वी १९८४ सालची. दोन्हींतल्या फरकाचा हिशेब न करता ठिपका टाकला तर आपल्या भागात तो शंभर-दीडशे मीटर सरकतो. डांबरी रस्त्याने चाललेला टँकर पडद्यावर ज्वारीच्या रानातून जाताना दिसतो. गावनकाशांना तर आधी पृथ्वीवर बसवावं लागतं, एकेक ओळखीचा बिंदू पकडून. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रासारख्या संस्थांनी असं जिकिरीचं काम केलं, म्हणून आज गावांच्या हद्दी संगणकावर मिळतात.

नकाशे मिळणं हीच मुळात एक लढाई होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराची आणि संरक्षण खात्याची पत्रकं वेगळी केली, तरी परवानग्यांचं जंजाळ राहिलंच. खासगी कंपन्यांनी स्वतःच रस्ते पालथे घातले. राकेश आणि रश्मी वर्मा यांनी १९९५ मध्ये काढलेली, पुढे मॅपमायइंडिया नावाने गाजलेली कंपनी त्यांतली एक. मायक्रोसॉफ्टचं मॅपपॉइंट हे नकाशा-सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या-युरोपातल्या मालवाहतूकदारांनी डोक्यावर घेतलं, पण भारताचे गल्लीबोळ त्यात कधी आले नाहीत, आणि २०१४ च्या अखेरीस ते बंदही झालं. क्यूजीआयएस मात्र फुकट आणि खुलं. गॅरी शेरमन यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं, २००९ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. त्यात जीपीएस जोडून ठिपका चालवण्याची सोय आयतीच आहे. भारतातले नकाशांचे निर्बंध खऱ्या अर्थाने सैल झाले ते थेट १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी. तोवर लोकांच्या खिशातल्या मोबाइलवर गूगलचा नकाशा येऊन कैक वर्षं लोटली होती.

खटाव आणि शेजारच्या माण तालुक्याच्या दृष्टीने या तंत्राची खरी परीक्षा पाहिली ती टँकरने.

हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर टँकरची मागणी येते, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी पाहणी करतात, मंजुरी होते, आणि ठेकेदाराचा टँकर सुरू होतो. पैसे खेपांवर आणि अंतरावर. पुरावा म्हणजे लॉगबुक: तारीख, उद्भव, पोचण्याची वेळ, गावच्या कारभाऱ्यांच्या सह्या. सही खरी, पण ती दुपारीच झाली की आठवड्याची एकदम, हे वही सांगत नाही. खेपा कागदावर वाढतात आणि हंडे कोरडे राहतात, ही तक्रार दर दुष्काळात पंचायत समितीच्या सभेत उठलेली आहे. सरकारने टँकरना जीपीएस बंधनकारक केलं ते याच तक्रारीपोटी. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात सहा हजारांहून जास्त टँकर धावत होते, तेव्हा कागदी वहीवर विसंबणं कुणालाही परवडणारं नव्हतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तिची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती कुठवर आली हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच महिन्यात वस्तीवर जाणारा दहा-बारा हजार लिटरचा टँकर कुठे आहे, हे वस्तीलाही ठाऊक नव्हतं.

खेप मोजणं म्हणजे प्रोग्रामने काय करायचं? उद्भवाच्या विहिरीभोवती एक कुंपण आखायचं, वस्तीभोवती दुसरं. ठिपका कुंपणाच्या आत आहे की बाहेर, हे ठरवायची रीत जुनी आणि सुरेख आहे. ठिपक्यापासून एका दिशेला सरळ रेघ सोडायची आणि ती कुंपणाला किती वेळा छेदते ते मोजायचं. विषम आकडा आला तर आत, सम आला तर बाहेर. भरण्याच्या जागी शिरला, पुरेसा वेळ थांबला, मग वस्तीत शिरला, तिथेही थांबला, की एक खेप.

रानात हे इतकं साधं राहत नाही. कुंपणाच्या कडेला उभ्या टँकरचा ठिपका जीपीएसच्या चुकीमुळे सारखा आत-बाहेर करतो आणि एका खेपेच्या पाच होतात. म्हणून ‘सलग दहा मिनिटं आत’ अशी अट घालावी लागते. घाटाखाली रेंज गेली की यंत्र नोंदी पोटात साठवतं आणि रेंज आल्यावर एकदम ओकतं. त्या आल्या क्रमाने पडद्यावर काढल्या तर गाडी उलटी उडी मारताना दिसते. मोजणीच्या वेळेनुसार त्या लावून घ्याव्या लागतात. आणि सगळ्यात मोठी अडचण वस्तीची. टंचाईचा सरकारी तक्ता गावं आणि वाड्या वेगळ्या मोजतो, पण जनगणनेच्या नकाशात हद्द असते ती महसुली गावाची. कलेढोण किंवा मायणीच्या शिवारातली चार घरांची वस्ती त्या नकाशात असेलच असं नाही. ते कुंपण आखायला शेवटी ग्रामसेवकालाच तिथे जाऊन उभं राहावं लागतं.

टँकरपाठोपाठ बाकीच्या गाड्याही या जाळ्यात आल्या. २६ जानेवारी २०१४ रोजी राज्यात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका सुरू झाल्या, त्यांना जीपीएस पहिल्यापासूनच होतं. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि धोक्याचं बटण सक्तीचं झालं. त्याच वर्षी एसटीने नाशिक विभागापासून आपल्या गाड्यांना ही यंत्रणा बसवायला सुरुवात केली. पुढे गौण खनिज वाहणाऱ्या गाड्यांची पाळी आली. येरळा आणि माणगंगेच्या पात्रातून रात्री निघणारी वाळू हा इथला जुना रोग, पण ज्या ट्रॅक्टरला परवानाच नाही त्याला जीपीएस कोण बसवणार?

आता टेबलावरचं सॉफ्टवेअर मागे पडलंय. नकाशा ब्राउझरमध्ये, हिशेब दूरच्या सर्व्हरवर. उरमोडी आणि जिहे-कठापूर या सिंचन योजनांचं पाणी तालुक्यात आलं तरी २०२४ च्या उन्हाळ्यात माण-खटावला टँकर पुन्हा लागलेच. ठेकेदाराच्या बिलाच्या फाइलीत जीपीएसचा अहवाल असतो आणि लॉगबुकही असतं. दोन्हींतल्या खेपा जुळल्या नाहीत की गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावरून ग्रामसेवकाला बोलावणं जातं.