थैली, पंगत आणि विकतचे ताट

राजकीय कामासाठी पैसा उभा करण्याचा मराठी मुलखातला जुना प्रकार म्हणजे पुढाऱ्याला थैली अर्पण करणे. पुढारी गावाला येणार असे ठरले की सत्कार समिती नेमली जाई, घरोघर आणि दुकानोदुकानी वर्गणी फिरे आणि भर सभेत रक्कम जाहीर करून थैली हाती दिली जाई. 1916 मध्ये लोकमान्य टिळकांनी एकसष्टाव्या वर्षात पदार्पण केले, तेव्हा पुण्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली देण्यात आली. ती त्यांनी राष्ट्रकार्यासाठीच ठेवली. या पद्धतीत आणा देणारा आणि हजार देणारा एकाच मांडवात बसे. देणगीमुळे पुढाऱ्याशेजारची जागा मिळत नसे.

टिळकांच्या निधनानंतर हाच प्रकार देशव्यापी झाला. 1920 च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना मंजूर झाली आणि चार आण्यांची वर्गणी भरून कोणालाही सभासद होता येऊ लागले. पुढच्या वर्षी बेजवाड्याच्या बैठकीत ‘टिळक स्वराज्य फंडा’साठी 30 जून 1921 पर्यंत एक कोटी रुपये जमवायचे ठरले आणि ते जमले. मुंबईचा त्यातला वाटा फार मोठा होता. अर्देशिर गोदरेज यांनी एकट्याने तीन लाख दिले. सभांमधून बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. 1933-34 च्या हरिजन दौऱ्यात गांधीजी मिळालेली मानपत्रे सभेतच लिलावात काढत आणि ती रक्कम निधीत घालत.

मराठवाड्यात, नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरची वाट मात्र वेगळी होती. हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1929 च्या ‘गश्ती निशाण 53’ या फर्मानाने तिथे सार्वजनिक सभेवर परवानगीचे बंधन आले. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. सभाच नाही तिथे थैली कुठली? पावतीपुस्तक बाळगणे म्हणजे देणाऱ्याचे नाव पोलिसांच्या हाती देणे. चलनही निराळे. संस्थानात हाली सिक्का चाले आणि सात हाली रुपयांना साधारण सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये, मिळत. त्यामुळे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील निजामविरोधी चळवळीला पैसा आणि धान्य पुरवणारे बहुतेक लोक निनावीच राहिले. मराठवाड्याच्या इतिहासात या निनावी देणाऱ्यांची नोंद फार तोकडी आहे, आणि ही उणीव मोठी आहे. नांदेड जिल्ह्यातच या लढ्याच्या पैशाची सर्वांत धाडसी घटना घडली. 30 जानेवारी 1948 रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, सशस्त्र कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली. वीस लाखांहून अधिक रक्कम हाती आली आणि ती लढ्याच्या कामाला लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले.

खुल्या राजकारणाची सुरुवात देगलूरसारख्या गावात त्यानंतरची, म्हणजे 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीपासूनची. पैसा आणि जेवण यांचा संबंध कसा असावा, याचा संस्कार मात्र तिथे फार जुना आहे. देगलूर हे वारकरी संप्रदायात गुंडा महाराज आणि त्यांच्या परंपरेतील धुंडा महाराज देगलूरकर यांच्यामुळे ओळखले जाणारे गाव. हरिनाम सप्ताहाची वर्गणी पावतीवर गोळा होते. कोणी पाचशे देतो, कोणी ज्वारीचे पोते, कोणी काहीच देत नाही. काल्याच्या दिवशी महाप्रसादाच्या पंगतीला सगळे बसतात. वाढपी वर्गणीचा आकडा विचारत नाही. राजकीय पाहुण्याची रीतही याच वळणाची. दौऱ्यावर आलेला पुढारी कार्यकर्त्याच्या घरी भाकरी, वरण, ठेचा खातो आणि खर्च घरमालकाचा असतो. त्या घराला मान मिळतो. शेजारीपाजारी ओसरीवर येऊन कालव्याचे, रस्त्याचे गाऱ्हाणे सांगतात.

याउलट ताटाला दर लावून निधी जमवण्याची पद्धत अमेरिकेतून पसरली. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाची ‘जॅक्सन डे’ भोजने प्रसिद्ध होती. 1936 मध्ये वॉशिंग्टनच्या भोजनाला माणशी 50 डॉलर आकारले गेले. महाराष्ट्रात या पद्धतीचा गाजावाजा झाला तो आम आदमी पक्षामुळे. मार्च 2014 मध्ये नागपूरच्या एका हॉटेलात अरविंद केजरीवाल यांच्यासोबतच्या भोजनासाठी माणशी 10,000 रुपये ठेवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईच्या भोजनाला 20,000. पैसा उघडपणे घेतला जातो, हा या पद्धतीचा खरा गुण. पण अन्नाची किंमत त्यात नाममात्र असते. पाहुणा पैसे मोजतो ते नेत्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून, आणि ज्याला ते परवडत नाहीत त्याचे गाऱ्हाणे त्या टेबलापर्यंत पोचत नाही. म्हणून थैलीशी या ताटाचे नाते जोडणे चूक आहे.

कायदा या सगळ्यामागून आला. कंपन्यांच्या देणग्यांवर 1969 मध्ये बंदी आली, 1985 मध्ये ती उठली. 2003 पासून 20,000 रुपयांवरील देणग्यांचा तपशील पक्षांना निवडणूक आयोगाला द्यावा लागतो. 2017 मध्ये रोख देणगीवर 2,000 रुपयांची मर्यादा आली. 2018 च्या निवडणूक रोख्यांनी देणाऱ्याचे नाव झाकले; सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली. निजामाच्या काळात नाव लपवावे लागे ते तुरुंगाच्या भीतीने. रोख्यांत नाव लपवण्यामागे तसली कसलीच भीती नव्हती, हा फरक विसरून चालणार नाही.

पुन्हा देगलूरच्या पंगतीकडे. 7 नोव्हेंबर 2022 च्या रात्री राहुल गांधी यांची ‘भारत जोडो’ यात्रा तेलंगणातून देगलूरमार्गे महाराष्ट्रात आली. दुसऱ्या दिवशी गुरुनानक जयंती होती आणि यात्रेचा एक थांबा तालुक्यातल्या वन्नाळीच्या गुरुद्वारात झाला. लंगरची रीत पंगतीसारखीच, बसणाऱ्याला कोणी पैसे विचारत नाही.

देगलूर विधानसभा मतदारसंघात प्रचारातल्या जेवणाचा मात्र हिशेब ठेवावा लागतो. 2022 पासून महाराष्ट्रात विधानसभा उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये आहे. प्रचारातला चहा, नाश्ता आणि कार्यकर्त्यांचे जेवण यांचे दर जिल्हा प्रशासन आधी ठरवते आणि त्या दराने उमेदवाराच्या खात्यावर खर्च मांडला जातो. निकालानंतर 30 दिवसांच्या आत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. नियमानुसार एक रुपया फी भरून तो कोणालाही पाहता येतो. देगलूरच्या मतदाराने तो एकदा तरी जाऊन पाहावा.