वर्गनामांची निश्चिती : यथोद्देश आणि कार्यकाल

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या दस्तऐवजातील 'भंडारा जिल्हा' या शब्दांनी कोणता प्रदेश समजावा, लेखनकाळचा की वाचनकाळचा? संगणकीय आज्ञावलीतील 'क्लास'च्या नावांबाबत हाच प्रश्न उद्भवतो. नाव संकलनाच्या वेळी निश्चित करावे की आज्ञावली प्रत्यक्ष चालू असताना?

हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. अठराव्या शतकात काशी येथे वास्तव्य करणारे महाराष्ट्रीय वैयाकरण नागेशभट्ट काळे यांनी 'परिभाषेन्दुशेखर' या ग्रंथाच्या प्रारंभीच पाणिनीय संज्ञा व परिभाषा यांविषयी दोन पक्ष मांडले आहेत. 'यथोद्देश' पक्षानुसार संज्ञा जेथे सांगितली तेथेच तिचे ज्ञान पूर्ण होते. 'कार्यकाल' पक्षानुसार ती कार्य करणाऱ्या सूत्रापाशी जाऊन त्याच्याशी एकरूप होते. ही चर्चा पतंजलींच्या महाभाष्यातही आढळते. ती केवळ तात्त्विक नव्हे. अष्टाध्यायीच्या अखेरच्या तीन पादांतील सूत्रे आधीच्या सूत्रांच्या दृष्टीने असिद्ध, म्हणजे जणू नसल्यासारखी, मानली जातात. मग आधीच्या परिभाषा तेथे कशा पोहोचणार? अशा ठिकाणी कार्यकाल पक्षाचा आधार घेतला जातो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक फ्रान्झ कीलहॉर्न यांनी या ग्रंथाची संहिता १८६८ मध्ये व नंतर, १८७४ पर्यंत, इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. आधुनिक भाषाकारांनी ते वाचले होते असे येथे सुचवावयाचे नाही. साम्य प्रश्नाचे आहे.

सी प्लस प्लसमध्ये क्लासचे नाव संकलनकाळीच ठरते, हा यथोद्देश पक्ष. १९९५ मध्ये जाहीर झालेल्या जावाने दोन्ही मार्ग खुले ठेवले. जावाच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत (२००६) विदागाराशी जोडणी करताना ड्रायव्हरच्या क्लासचे नाव 'फॉरनेम' या पद्धतीला अक्षरमालेच्या रूपात देण्याची रीत होती. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ही ओळ शिकविणाऱ्यांना तिचा धोका परिचित आहे. त्या नावात एक अक्षर चुकले तरी संकलन निर्विघ्न पार पडते आणि क्लास सापडत नसल्याचे आज्ञावली चालविल्यावरच कळते.

पीएचपी भाषेच्या ५.५ आवृत्तीने (२०१३) नावापुढे दुहेरी अपूर्णविराम व 'क्लास' हा शब्द लिहिण्याची सोय दिली. त्यामुळे नामावकाशासह पूर्ण नाव संकलनकाळीच मिळते. मात्र तो क्लास अस्तित्वात आहे की नाही हे तपासले जात नाही. याच रचनेत नावाऐवजी 'स्टॅटिक' हा शब्द योजल्यास कोणत्या उपवर्गाने हाक दिली हे आधी ठाऊक नसल्याने निर्णय कार्यकाळावरच सोपवावा लागतो.