शब्दास लाभणारा कंठ

बारामतीस राहिलेल्या मोरोपंतांची (१७२९–१७९४) आर्या पोथींत कोंडून पडली नाहीं. कीर्तनकारांच्या मुखानें ती गांवोगांव पोंचली. लिहिलेल्या शब्दाची खरी परीक्षा श्रोत्यांसमोर होते, हा धडा ह्याच भूमीचा. नाटकासहि तो लागू आहे. विनायक जनार्दन कीर्तने ह्यांनीं विद्यार्थिदशेंत लिहिलेलें ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ सालीं प्रसिद्ध झालें. मराठी ऐतिहासिक गद्य नाटकाचा आरंभ असा तरुण लेखणीनें झाला.

पुढें १९६२ सालीं बारामतींत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघालें, आणि १९६३ सालीं पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेनें पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. शिक्षण गांवाशीं आलें. रंगमंच मात्र पुण्यासच राहिला.

२०२२ सालीं परीक्षकांनीं तो करंडक कोणासच दिला नाहीं. पुष्कळांस निर्णय कठोर वाटला. कसोटी कडक असावी, हें मलाहि मान्य आहे. परंतु मुलांचें लेखन प्रथमच कसोटीस लागावें तें थेट स्पर्धेंत, हें योग्य नव्हे. कोणतें वाक्य जिवंत उतरलें व कोणतें निर्जीव, हें लेखकास जाहीर वाचनांतच उमगतें. तेव्हां इंदापुरांत लिहिलेली एकांकिका आधीं इंदापूरकरांनीं ऐकावी. करंडकाचा विचार मागाहून.