मंगळावरची गाडी, खेळण्याच्या पाकिटात

इतिहास म्हटला की आपल्याला ताम्रपट, शिलालेख आणि जुनी दप्तरं आठवतात. कचेरीत फायलींत बुडालेल्या माझ्यासारख्या कारकुनाला तर दप्तरं अंमळ जास्तच. पण आज ज्या दस्तऐवजाबद्दल लिहितोय तो एका खेळण्याच्या पाकिटात आहे. मॅटेल कंपनीने १९९७ साली 'हॉट व्हील्स'च्या नावाखाली 'सोजर्नर मार्स रोव्हर' हा संच काढला. त्यात छोटी मंगळगाडी, तिला घेऊन उतरलेलं लँडर आणि प्रवासातलं यान अशा तीन वस्तू होत्या.

४ जुलै १९९७ रोजी मार्स पाथफाइंडर हे यान एअरबॅगांवर उड्या घेत मंगळावरच्या एरीस व्हॅलिस भागात उतरलं. त्यातून बाहेर पडलेली सोजर्नर ही दुसऱ्या ग्रहावर चाललेली पहिली गाडी. (रशियाचं लुनोखोद १९७० मध्येच चाललं होतं, पण ते चंद्रावर.) सहा चाकं, वर सौर पट्ट्यांचं सपाट छप्पर, लांबी ६५ सेंटीमीटर, वजन जेमतेम साडेदहा किलो आणि वेग सेकंदाला एक सेंटीमीटर! आमच्या कचेरीतली फाईलसुद्धा कधी कधी याहून जलद सरकते. ७ दिवसांसाठी पाठवलेली ही गाडी ८३ मंगळदिवस चालली, आणि तेवढ्यात एकूण सुमारे १०० मीटर गेली.

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने मॅटेलला रीतसर परवाना दिला होता. संच दुकानांत आला आणि बघता बघता संपला. मला यात नवल वाटत नाही. वितळलेला जस्ताचा मिश्रधातू दाबाने पोलादी साच्यात सोडला की कडा नीट उमटतात आणि हातात वजन लागतं. हे वजनच डाय-कास्टचं खरं आकर्षण. हॉट व्हील्सच्या पहिल्या, १९६८ च्या गाड्यांवर काम करणारे जॅक रायन हे पूर्वी क्षेपणास्त्रांचे अभियंता होते, हेही जाता जाता सांगून टाकतो.

अस्सल संग्राहक मात्र पाकीट फोडत नाहीत, कारण फोडलं की किंमत पडते. मला हे पटत नाही. असो.

पण पाकिटावरचं नाव न फोडताही वाचता येतं. गाडीला नाव द्यायला मुलांचीच निबंधस्पर्धा घेतली होती आणि कनेक्टिकटमधल्या १२ वर्षांच्या मुलीने सुचवलेलं नाव निवडलं गेलं. ते होतं सोजर्नर ट्रुथ यांचं. न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मलेल्या या कृष्णवर्णीय बाईने १८२६ मध्ये मालकाचं घर सोडलं, १८४३ मध्ये स्वतःच स्वतःला हे नाव घेतलं आणि गुलामगिरीविरुद्ध, स्त्रियांच्या हक्कांसाठी गावोगाव फिरून भाषणं केली. सोजर्नर म्हणजे वाटेत थोडा मुक्काम करून पुढे जाणारी. शाळेच्या पुस्तकात तिच्यावर दोन ओळी येतील न येतील. इथे तिचं नाव खेळण्यांच्या दुकानात, पोरांच्या हाताला येईल अशा उंचीवर टांगलं गेलं.

आपलं मंगळयान २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेवर छापलं गेलं. २०२२ मध्ये यानाशी संपर्क कायमचा तुटल्याचं जाहीर झालं आणि २०२३ मध्ये ती नोटही चलनातून मागे घेतली गेली.

पाथफाइंडरचा शेवटचा भरवशाचा संदेश २७ सप्टेंबर १९९७ रोजी मिळाला. सोजर्नर लँडरमार्फतच बोलत असे, त्यामुळे लँडर गप्प झाल्यावर ती कुठवर चालली हे पृथ्वीवर कळायला मार्गच उरला नाही.