शीतन यंत्रणेतील दोषांचे निदान (मोटारीचे इंजिन)

मोटारीच्या इंजिनातील उष्णता पाणी व कुलंट यांचे मिश्रण रेडिएटरपर्यंत वाहून नेते आणि तेथे ती हवेत सोडली जाते. मिश्रण ८० ते ९० अंश से.च्या आसपास तापले की थर्मोस्टॅट उघडतो. गॅरेजात ‘वॉटर बॉडी’ म्हणतात तो पंप ते फिरवत राहतो. झाकण सुमारे १ बार जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे साधे पाणीही १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. यांपैकी काहीही बिघडले तरी तापमानाचा काटा बहुतेक वेळा वरच जातो. म्हणून तो किती चढला यापेक्षा केव्हा चढला, हे निदानाला अधिक उपयोगी. उभ्या गाडीत चढणारा आणि धावताना उतरणारा काटा पंखा, त्याचा फ्यूज वा रिले यांच्यावरचा संशय वाढवतो, कारण धावत्या गाडीत पंख्याचे काम वारा करतो. सपाट रस्त्यावर वेगात गाडी तापत असेल, तर चोक झालेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट किंवा झिजलेला पंप आधी पाहावा.

कोकणातल्या देवरूखच्या गाड्यांबाबत या कसोटीवर एक रास्त आक्षेप येतो. कोल्हापूरला जाताना साखरप्यापुढे आंबा घाट लागतो. तेथे खालच्या गियरमध्ये इंजिनावर भार जबर आणि वेग कमी म्हणून वाराही अपुरा; दोन्ही कारणे एकत्र आल्याने काटा काहीच वेगळे सांगत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्यातून एवढेच सिद्ध होते की केवळ घाटात गाडी तापली म्हणून रेडिएटर उतरवू नये. देवरुखातच एसी लावून गाडी उभी चालू ठेवावी. पंखा वेळेवर लागला आणि काटा हलला नाही, तर पंख्यावरचा संशय फिटतो. चढानंतर लगेच उतार मिळाला तर तोही पुरावाच: गियरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ जळत नाही, पंप मात्र फिरत असतो. तरीही काटा रेंगाळला, तर प्रवाहच अडलेला असण्याची शक्यता मोठी. (अलीकडच्या अनेक गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, तेथे स्कॅनरवरचे अंशच खरे.)

‘थर्मोस्टॅट काढून टाका, कटकट नको’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने गाडी कधी कधी थंड राहते, पण दोष झाकला जातो. शिवाय काही इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट बगलमार्ग बंद करतो; तो काढल्यास गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाताच फिरत राहतो. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मृदू, मग कुलंट कशाला, हा युक्तिवादही अर्धाच. मृदू पाण्याने क्षार कमी साचतात, गंज थांबत नाही. गळती कुठेच दिसत नाही तरी गाडी पाणी खाते, टाकीत सतत बुडबुडे येतात, एक्झॉस्टमधून पांढरा धूर निघतो, असे असेल तर हेड गॅस्केट तपासावे. आणि तापलेल्या गाडीचा काटा अचानक शून्याकडे पडला, तर ती थंड झाली असे धरू नये: पाणी संपून सेन्सर कोरडा पडला तरी तसेच दिसते.